आवाज दत्ताचा

दुबईच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. नव्वदच्या दशकाची अखेर होती. माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली गाण्याची एक छोटी तबकडी होती. न्यायला माझ्या मित्राचा, दत्ताचा मुलगा संजय आला होता.

"काका, आणलीत ना? बाबा कधीपासून वाट बघतायत."

तबकडीची हकिगत आधी सांगतो. शाळा संपता संपता पुण्याच्या कॅम्पात आम्हा पोरांना रेडिओवरच्या इंग्रजी गाण्यांचं वेड लागलं होतं. त्यांत गिटार, टाळ्या आणि शेजारच्या मुलीसाठी झुरणारा सतरा वर्षांचा मुलगा. दत्ता तसंच गायचा, उचकी लागल्यासारखा मध्येच आवाज तोडून. मुंबईच्या एका रेकॉर्डिंगवाल्याने आमचं गाणं घेतलं. पण दत्ताच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. "पोरी चेहरा बघून तबकडी घेतात," दत्ताच म्हणाला आणि तिच्या पाकिटावर माझा फोटो, माझं नाव छापायला लावलं. गॅदरिंगमध्ये मी ओठ हलवायचो, दत्ता पडद्यामागून गायचा. "तू हल रे, मी गातो," म्हणायचा.

पुढे तो आखातात गेला. मी 'गाणं सोडलं' आणि त्या एका गाण्याच्या कौतुकावर जन्म काढला. दत्ताने घरीसुद्धा गाणारा म्हणून माझंच नाव सांगितलं. आता गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज कायमचा गेला होता. तो आहे तोवर त्याच्या माणसांना खरं सांगायचं, एवढ्यासाठी मी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी संजयने शारजात, रोल्लाच्या बाजारात नेलं. साड्यांची आणि घड्याळांची दुकानं ओलांडून एका मल्याळी माणसाकडे तबकडीची कॅसेट करायला दिली. त्याने पाकीट पाहिलं, मग मला.

"साब, ये आप गाया?"

"हां," मी म्हणालो. सवयीने. संजय अभिमानाने हसला. परतताना गाडीत मी वाळूकडे बघत राहिलो.

रात्री दुबईत, करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तळलेली सुरमई आणि खबूस ही तिकडची रोटी होती. दत्ताच्या नातीने, नेहाने कॅसेट लावली. दत्ता टेबलावर बोटाने ताल धरून बसला.

"काका आजोबा, सिंग ना, प्लीज."

"मला गाता येत नाही, बाळ. हा आवाज तुझ्या आजोबांचा आहे."

टेप चालूच होता. संजयने तो बंद केला.

"काका, बाबांना बरं वाटावं म्हणून असलं काही बोलू नका. ते त्यांच्या मनाला जास्त लागतं."

"अरे, खरंच सांगतोय."

"खलास, काका. जेवा."

मी दत्ताकडे पाहिलं. त्याने मुलाकडे पाहिलं आणि 'माझा नाही' अशी मान हलवली. मग माझ्या ताटात सुरमईचा तुकडा वाढला.

निघायच्या दिवशी तो विमानतळावर सोडायला आला. गाडीत नेहाने पुन्हा कॅसेट लावली. पुढच्या सीटवर दत्ता ओठ हलवू लागला. आवाज जिथे तुटतो, त्याच्या आधी त्याची छाती बरोबर वर यायची. ती जागा मला कधीच साधली नव्हती.

"आजोबा, यू आर फेकिंग इट," नेहा खिदळली. दत्ताही हसला, आवाज न करता.

पुण्याला आल्यावर मी चारचौघांत सगळं सांगून टाकलं. ऐकून सगळे म्हणाले, मित्राला स्वतःचं श्रेय देतोय, केवढा हा मोठेपणा. तेही कौतुक माझ्याच पदरात पडलं.