बोलावल्याशिवाय आत नाही

दुपारी ऑफिसात असताना भोंगवलीहून काकांचा फोन आला. "आबा गेले गं... जेवले, आडवे झाले अन् गेले." शंभरी ओलांडलेल्या माझ्या पणजोबांना असं सुखाचं मरण आलं, म्हणून घरात फारसं कुणी रडलं नाही. याला महिना झाला. त्यांच्याबद्दल लिहावंसं मला आत्ता कुठे वाटतंय.

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत गावी गेले की चार माणसांत बोलायची धास्ती वाटायची. आबाही कमीच बोलत. एकदा माझ्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांना इटलीचा नकाशा दिसला आणि त्या दिवशी मात्र ते बोलले. तरुणपणी इंग्रजांच्या पलटणीतून ते तिथे लढले होते.

"लढाई सपली, पर आमी लगीच परतलो न्हाई. गावावर पहारा आमचाच. आमी दिसलो की बाया दारं लावायच्या."

आजारी सोबत्यासाठी दूध मागायला ते एका म्हातारीकडे गेले. दार उघडं होतं. आपल्या रीतीने त्यांनी उंबऱ्यापाशी बूट काढले, तशी म्हातारी सुनेला पाठीमागे लपवून किंचाळलीच. आधीच्या जर्मन शिपायांनी असेच बूट काढून तिच्या घरात मुक्काम ठोकला होता आणि तिला गोठ्यात निजवलं होतं. दुभाष्याने हे आबांना नंतर सांगितलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! बूट घातलं अन् अंगनात बसलो. मक्याचा ढीग पडला व्हता, सोलाय लागलो. त्येवढं तर येतंय की आपल्याला."

सुनेने दूध अंगणातच आणून ठेवलं. पुढेही मोकळा वेळ मिळाला की आबा जात, बूट घालूनच बाहेर बसत. म्हातारीने एकदा आत बोलवावं, एवढंच मनात होतं. थंडी पडली, तेव्हा एके दिवशी म्हातारीनेच त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं... काढ, आणि ये.

"मक्याचं पिठलं वाडलं तिनं. मिरचीचं नाव न्हाई! तरी दोनदा मागून घेतलं."

त्यानंतर जन्मभर आबा कुणाच्याही घरात बोलावल्याशिवाय शिरले नाहीत. आजी, म्हणजे त्यांची सून, वैतागायची, "मामंजी, सोताच्या घरात कसली परवानगी? चहा गार व्हतोय!" माझ्या खोलीत सगळे सरळ घुसत. आबा बाहेरून विचारत, "बाय, येऊ का?" हो म्हणायला मला वेळ लागे. तोवर ते काठी भिंतीला टेकवून उभे राहत.

परवा गावी गेले. संध्याकाळी आजी चहा घेऊन आली आणि माझ्या दाराशी थबकली.

"येऊ का गं?"

"ये," मी लगेच म्हणाले.