यंत्राखालची जमीन

तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टवाल्यांनी पोरीचं परदेशच्या कॉलेजचं पत्र टराटरा फाडलं, ही बातमी आमच्या इमारतीत लिफ्टपेक्षा वेगानं फिरली. दुसऱ्या मजल्यावर पत्र फाडलेलं होतं, पाचव्यावर पोचेपर्यंत जाळलेलं होतं. मधली काडीपेटी माझी, ते मी नाकारत नाही.

खरा प्रकार एवढाच, की त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून पत्रावरचा शिक्का घासला. शिक्का निळा होता, अंगठाही निळा झाला. "रंग पळतोय. बोगस आहे," असा निकाल त्यांनी जागच्या जागी दिला. पोरीनं कपाळावर हात मारला. पत्र आलं होतं मेलवर, आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिनंच ते छापून आणलं होतं. त्यावरचा रंग पळणार नाही तर काय करणार? पण बापानं तो निळा अंगठा दोन दिवस आल्यागेल्याला पुरावा म्हणून दाखवला.

गृहस्थ तीस वर्षं लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात आहेत. इमारत त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणते, मी तोंडावर म्हणतो. लिफ्टमध्ये शिरलं की आपण आरशात भांग बघतो. हे बघतात चौकटीतला तपासणीचा दाखला, आणि तोही तिरक्या नजरेनं. "कागद आपल्या डोळ्यांसमोर असतो, दोर डोक्यावर," असं पुटपुटत थेट गच्चीवरची मोटाररूम गाठतात. दोराला हात लावणार, मोटारीला कान लावणार, मगच सही. दुसरा नियम असा की चेअरमनला काही विचारायचं नाही, वॉचमनला विचारायचं. चेअरमन म्हणतो लिफ्ट झकास आहे. वॉचमन सांगतो, मंगळवारी दोन तास अडकली होती. या नियमाचा पहिला बळी म्हणजे वहिनी. लग्न ठरायच्या आधी हे होणाऱ्या सासऱ्यांच्या ऑफिसात जाऊन शिपायाला भेटून आले होते. "त्यानं चांगलं सांगितलं म्हणून मी या घरात आहे," वहिनी अजून सांगतात, तो शिपाई कुठे भेटला तर बघून घेईन, अशा सुरात.

पोरगी मेकॅनिकल इंजिनिअर. दोन वर्षं पंपाच्या कारखान्यात काढली, आता पुढचं बाहेर शिकायचं. दोन कॉलेजांनी घेतो म्हणून कळवलं. त्यातलं एक थोरलं. गुळगुळीत कागदाचं चाळीस पानी पुस्तक, काचेची इमारत, हिरवळीवर दात काढून हसणारी मुलं. दुसरं धाकटं, कुठल्याशा लहान गावातलं, आणि त्याची वेबसाइट अशी की पाणीकपातीची नोटीस तिच्यापुढे सुंदर दिसावी. दोघांनाही शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला, आणि पोरीचं आणखी एक वर्ष पंपांत.

थोरल्याची शिफारस एका सल्लागाराची. ऑफिस चकचकीत, टेबलावर छोटं विमान, सल्ला फुकट. फुकट म्हटल्यावर आमचा शंकासुर खुर्चीत सावरून बसला. आमच्याकडून काहीच घेत नाही, तर हा एसी कुणाच्या जिवावर चालतो, असं त्यानं विचारलं. सल्लागार म्हणाला, कॉलेजं आमची भागीदार आहेत. "म्हणजे तुम्ही चेअरमन," असं म्हणून हे उठलेच. सल्लागाराला त्यातून काय कळलं, देव जाणे.

मग त्या चाळीस पानांची तपासणी सुरू झाली. भिंग घेऊन. कार्यशाळेचा फोटो दाखवायला मला मुद्दाम वर बोलावलं. लेथखालची जमीन बघा, म्हणाले. तेलाचा एक डाग नाही, लोखंडाचा कीस नाही. ज्या यंत्राखालची जमीन इतकी स्वच्छ, ते यंत्र चालत नाही. शिवाय लेथजवळच्या मुलीचे केस मोकळे, तिला कुठल्याही कारागिरानं आधी बाहेर काढलं असतं. तीच मुलगी पुढे पांढरा कोट घालून रसायनं ढवळत होती आणि शेवटून तिसऱ्या पानावर गिटार वाजवत होती. मी म्हटलं, हुशार असेल. ते हसले नाहीत.

मला वाटलं, चला, थोरलं नापास म्हणजे धाकटं पास. पण धाकट्याच्या अंधूक फोटोत एका यंत्राखाली त्यांना बादली दिसली. बादली का? म्हणजे गळतंय. तेही नापास.

इथे माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस कॉलेज तपासत नाही, दिवस काढतोय. एकुलती एक पोर, घरात संध्याकाळी वाद घालायला तीच, तिला कोण सुखासुखी पाठवेल? वहिनींनाही तोच संशय असावा. त्या भांडी जरा जोरात ठेवू लागल्या होत्या.

गुरुवारी दुपारी मी त्यांची शिडी परत करायला गेलो. सोमवारी ती नेली होती तीच मुळी गुरुवारी परत करायला. आत शिरतो तर पोरगी रजा घेऊन घरी. तिनं लॅपटॉप उघडून बापापुढे ठेवला आणि आवाज न चढवता विचारलं, "बाबा, तुम्हाला कॉलेज तपासायचंय की शुक्रवार घालवायचाय?"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. लिफ्टवाले भिंगाची काच सदऱ्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "वॉचमनला विचारू."

कॉलेजातला वॉचमन म्हणजे कार्यशाळा सांभाळणारा माणूस. फोन स्पीकरवर लावला. थोरल्याकडे आधी वाद्यसंगीत, मग एक गोड बाई, मग दुसरी गोड बाई. कार्यशाळा कोण सांभाळतं ते तिसऱ्या गोड बाईलाही ठाऊक नव्हतं. तिनं तेच चाळीस पानी पुस्तक पुन्हा पाठवते म्हणून सांगितलं. धाकट्याकडे एका बाप्यानं स्वतःच फोन उचलला, मागे यंत्रांचा खडखडाट. पोरगी त्यांच्या भाषेत विचारी आणि आम्हाला आपल्या भाषेत सांगे. यंत्रं अकरा. धड चालतात आठ. दोन बंद, सुटा भाग यायचाय. एक चालतं पण किंचाळतं. आणि ती बादली? नळी फुटली होती तेव्हा ठेवलेली. नळी बदलली, बादली उचलायची राहिली.

आता तरी गृहस्थ खूश व्हावेत की नाही? माझ्याकडे झुकून कुजबुजले, की इतकं खरं कोण सांगतं, यात काहीतरी गोम आहे. त्या माणसाला किंचाळणाऱ्या यंत्राजवळ फोन धरायला सांग, असं त्यांनी पोरीला सांगितलं. त्या भल्या माणसानं धरला. हे डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत बसले. "बेअरिंग गेलंय."

"नाही," पोरगी म्हणाली. तिनं यंत्र बंद करायला सांगितलं. बटण दाबताक्षणी किंचाळणं थांबलं, चाकाची घरघर मात्र हळूहळू विरत गेली. "बेअरिंग असतं तर चाक थांबेपर्यंत ओरडलं असतं, बाबा. पट्टा घसरतोय. तुम्हीच शिकवलंत, लिफ्टच्या दाराची मोटार उघडली होती तेव्हा."

तिकडे तिनं तेच सांगितलं. तो माणूस मोठ्यांदा हसला. पट्टा मागवलाय, म्हणाला, आलीस की तूच बसव.

बापाच्या अंगठ्याच्या नखाकडेला निळा रंग अजून शिल्लक होता, तो खरवडत बसला. मग लॅपटॉप दोन बोटांनी पोरीकडे सरकवला आणि म्हणाला, लिही, येते म्हणून. वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. धाकट्या कॉलेजला होकार आमच्या तिघांदेखत गेला.

गप्प बसलो तर तो मी कसला? म्हटलं, "काय शंकासुर, बसला ना एकदाचा कॉलेजवर विश्वास?"

त्यांनी आधी मी भिंतीला टेकवलेली शिडी उचलली आणि तिच्या पायऱ्या मोजल्या. सगळ्या भरल्यावर म्हणाले, "कॉलेजवर कशाला? विश्वास पोरीच्या कानावर बसलाय. तिला सांगून ठेवलंय, पोचलीस की आधी यंत्राखालच्या जमिनीचा फोटो पाठव, तुझ्या तोंडाचा नंतर."