हवालदार मालिनीबाईंचा जबाब

माझ्या सासूबाई मालिनीबाई पुण्यात एकतीस वर्षं पोलिसात होत्या आणि हवालदार म्हणून निवृत्त झाल्या. एवढ्या नोकरीत त्यांनी दाराला लाथ मारली ती एकदाच. दार उघडंच होतं. त्या आत जाऊन तोंडावर पडल्या. हे त्या स्वतःच सांगतात आणि दर वेळी नव्यानं हसतात.

दर उन्हाळ्यात त्या तीन महिने आमच्याकडे जर्मनीत, डार्मश्टाटला येतात. दोन वर्षांपूर्वी इथल्या जुन्या बाजारात त्यांना हाँगकाँगच्या मारधाडीच्या सिनेमांची एक पेटी दिसली. प्रत्येक डीव्हीडीवर पोलिसाच्या गणवेशातली बाई हवेत आणि तिच्या टाचेखाली कुणीतरी गुंड. "सुरुची, ही पेटी घरी न्यायची," त्या म्हणाल्या. आवाज हवालदाराचा होता, मी मुकाट्यानं उचलली.

संवाद कँटोनीज, खाली अक्षरं जर्मन, आणि सासूबाईंना दोन्हीचा गंध नाही. त्यांचं काही अडत नाही. सिनेमे इतके स्वस्तातले की तोच जिना तीन सिनेमांत येतो आणि तोच गुंड मिशी लावून दुसऱ्यांदा मरतो. सासूबाई सोफ्यावर मांडी घालून पंचनामा सांगू लागतात. पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणून मी आणि माझा नवरा प्रसन्न, दोघांनी जागचं हलायचं नाही. "घटनास्थळी तीन खिडक्या फुटलेल्या. मुद्देमाल एक सुरा, एक मिशी. अगं बाई, आधी शिट्टी तरी वाजव!" पण नायिका छतावरून धावायला लागली की त्या गप्प होतात. एकदा म्हणाल्या, "आम्हाला कुणी धावूच दिलं नाही गं. बायकांना बंदोबस्त आणि हरवलेली पोरं." मला फार वाईट वाटलं.

आमच्या मुलीला, अन्वीला, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. नव्या शाळेत वर्षभर तिला कुणी विचारत नव्हतं. मग तिनं एक थाप मारली: माझी आजी या सिनेमातल्यासारखी पोलीस होती, छतांवरून उड्या मारायची. रातोरात तिला मित्रमैत्रिणी मिळाले. डीव्हीडीवर 'बारा वर्षांखालच्यांनी बघू नये' असा शिक्का असल्यामुळे सगळे तिच्या बाराव्या वाढदिवसाची वाट बघत होते. त्या दिवशी सकाळी तिनं मला हे रडत सांगितलं. थाप उघडी पडली तर पुन्हा एकटीनं डबा खायची पाळी येणार होती.

सासूबाईंना विश्वासात घ्यायची माझी हिंमत झाली नाही. एका साहेबानं खोट्या पंचनाम्यावर सही मागितली तेव्हा त्यांनी ती दिली नाही, आणि पुढची चार वर्षं शिक्षा म्हणून चौकात उन्हात उभ्या राहिल्या. अशा बाईला काय सांगणार?

सहा मुलं आली. केक झाला, सिनेमा लागला. पहिली खिडकी फुटताच योनास नावाच्या पोरानं विचारलं, आजीनं केलेली सगळ्यात मोठी कामगिरी कोणती? दुभाषी अर्थात अन्वी.

सासूबाई खुलल्या. "विसर्जनाचा बंदोबस्त होता. चार वर्षांची पोरगी हरवलेली. माझ्या शिट्टीची दोरी जी धरली ती सोडेचना. नऊ तास कडेवर! दोनदा शू केली युनिफॉर्मवर. शेवटी आई सापडली, तर ही माझ्याच गळ्यात पडून रडतेय!"

अन्वीनं भाषांतर केलं. त्यात हात होते, पाय होते, सुरा होता आणि छत होतं. आमच्या इमारतीचं छत दोन महिने दुरुस्तीला होतं, त्यामुळे 'डाख' हा शब्द सासूबाईंना पाठ होता. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ष्टिम्ट दास?" योनासनं थेट त्यांनाच विचारलं. खरं का हे?

सासूबाईंनी अन्वीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेनाऊ," सासूबाई म्हणाल्या. बाजारात रोज कानावर पडणारा शब्द: अगदी खरं.

पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. मुलांनी घर डोक्यावर घेतलं. अन्वी मात्र केकशी चाळा करत बसली. पडद्यावर नायिकेनं दोन छतं ओलांडली आणि अन्वीनं रिमोट उचलून सिनेमा थांबवला. मग खाली मान घालून जर्मनमध्ये सगळं सांगितलं. छत खोटं, सुरा खोटा, नऊ तास खरे.

सगळ्यांनी वळून आजीकडे पाहिलं. 

"नऊ तास?" योनास म्हणाला. "मग आजी स्वतः शूला कधी गेली?"

जो हशा पिकला! त्यानंतर सिनेमा कुणी पाहिलाच नाही. पोरांनी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट कडेवर घेऊन शर्यत लावली. योनासनं चार मिनिटांत हात टेकले. माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंनी अन्वीला जवळ ओढलं. "मघाशी काय सांगितलंस त्यांना? जबाब घेतला की वाचून दाखवायचा असतो."

अन्वी शब्द शोधत शोधत, मराठीत म्हणाली, "माझी आजी छतावर गेली नाही. तिनं एका मुलीला नऊ तास खाली ठेवलं नाही."

आम्ही दोन्ही पंच हजर होतो. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सही कुठे करू?"