केबिनमधली मराठी

मी विभागप्रमुख झाले, त्यानंतर आखातातल्या आमच्या हॉस्पिटलने आम्हा काही डॉक्टरांना नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला घातलं. दर शनिवारी सकाळी एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये आम्ही गोल टेबलांभोवती बसायचो. सर्जन, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोग विभागाची मी. सगळ्यांची अर्धी हयात पेशंट बघण्यात गेलेली. हाताखालची माणसं कशी सांभाळायची हे कुणी कधी शिकवलं नव्हतं.

शिकवणाऱ्या लेबनीज बाई फार हळू आवाजात बोलायच्या. एका शनिवारी त्यांनी अवघड संभाषण कसं करायचं ते शिकवलं. समोरच्याचं चांगलं काय आहे ते आधी सांगा, मग मोकळा प्रश्न विचारा, आणि मग गप्प बसा. "शांतता सहन करायला शिका, डॉक्टर," त्या म्हणाल्या. सरावासाठी माझ्या वाट्याला एक इजिप्शियन सर्जन आला. कामात चुका करणारा डॉक्टर त्याने झकास वठवला, आणि मी समजूतदार प्रमुख. इतकी समजूतदार, की बाईंनी आम्हाला सगळ्यांसमोर पुन्हा करायला लावलं. टाळ्या पडल्या. घरी अल कुसैसला आल्यावर मी तोच संवाद नवऱ्याला करून दाखवला. मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "ममा, यू साउंड लाइक कस्टमर केअर." मी हसले, पण मनातून खूश होते.

घरचा अभ्यास होता: असं एक संभाषण आपल्या विभागातल्या कुणाशी तरी खरोखर करायचं.

कुणाशी करायचं हे मला लगेच सुचलं. आमच्याकडे नाशिकची एक तरुण डॉक्टर होती. हात चांगला, पण अलीकडे ओपीडीला उशिरा येत होती, एकदा नर्सवर विनाकारण खेकसलीही होती. आम्ही दोघी मराठी. पण मी तिच्याशी कामावर कधी मराठी बोलले नव्हते. विभागात मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, सगळे. मी आपल्या माणसाला जवळ करते असं कुणी म्हणू नये म्हणून तिच्याशी इंग्रजीतच बोलायचे, आणि इतरांपेक्षा कमीच.

त्या दिवशी ओपीडी संपल्यावर मी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. इथला दाट दुधाचा करक चहा मागवला. तिला मोकळं वाटावं म्हणून मुद्दाम मराठीत म्हटलं, "बस ना. उभी का?"

ती बसली. मी तिच्या कामाचं कौतुक केलं, मनापासून केलं. मग विचारलं, "सध्या कसं चाललंय तुझं?"

ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. शिकवलं होतं तशी शांतता धरून बसले, चेहऱ्यावर ते सरावातलं हसू ठेवून. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तरी मी गप्पच.

शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, निदान मुलाचं शाळेचं वर्ष तरी पूर्ण होऊ द्या."

"म्हणजे?"

"तो ऊद मेथाला शाळेत आहे. नवऱ्याचा व्हिसासुद्धा माझ्याच नोकरीवर आहे. नोटीस द्यायचीच असेल तर द्या, मी भांडणार नाही. फक्त परीक्षा होईपर्यंत थांबा."

"अगं, नोटीस कोण देतंय तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. विश्वास बसला नव्हता. "मग मराठीत का बोलताय? आजवर कधी बोलला नाहीत."

ती रडायला लागली आणि मग सगळं बाहेर आलं. वडिलांना पक्षाघात झाला होता. आई एकटी. रोज पहाटे उठून ती आईशी फोनवर बोलायची, औषधं समजावून सांगायची, मग मुलाचा डबा, मग ड्यूटी.

"तू रजा का नाही मागितलीस?" मी विचारलं.

"मागितली होती मॅडम. कॉरिडॉरमध्ये. तुम्ही म्हणालात, इन्शाल्ला, बघू."

मला ते आठवतही नव्हतं. आमच्याकडे वरिष्ठ माणूस चालता चालता 'इन्शाल्ला' म्हणाला, की मागणारा तो नकारच समजतो आणि पुन्हा विचारत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. मीही नवी असताना तेच ऐकून गप्प बसले होते. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी फोन उचलला आणि तिथल्या तिथे तिची रजा लावली. तिच्या ड्यूट्या विभागातल्या दोघा डॉक्टरांत वाटल्या, काही स्वतः घेतल्या. ती दोनदा थँक्यू म्हणाली. प्रत्येक थँक्यूने मला आणखीच लाज वाटली.

पुढच्या शनिवारी एकेकाने उठून आपलं संभाषण कसं झालं ते सांगायचं होतं. मी आधी ठरवलं होतं की 'छान झालं' म्हणून बसायचं. पण उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. माझं ते हसू, तिचं मुलाच्या वर्षाबद्दल बोलणं, तिचं रडणं, नाशिकला आजारी असलेले वडील, ते 'इन्शाल्ला'. सांगताना मला रडू आलं. मग तो इजिप्शियन सर्जन उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, डॉक्टर, इट्स ओके," म्हणजे झालं गेलं, सोडा आता. बाईंचे डोळे भरून आले होते. खरं बोलायचं धाडस यालाच नेतृत्व म्हणतात, असं त्या म्हणाल्या. पुन्हा टाळ्या. मला हलकं वाटलं.

ती नाशिकहून परत आली तेव्हा वडील आधाराने चालायला लागले होते. मी तिला चहाला घेऊन गेले आणि मोठ्या आपुलकीने म्हटलं, "तुझ्यामुळे मी खूप शिकले. वर्गात सगळ्यांना सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं हं."

तिने कप खाली ठेवला.

"मॅडम, त्या वर्गात आपल्याच हॉस्पिटलचे डॉक्टर होते ना?"

"हो."

"आपल्या विभागात नाशिकची मी एकटीच आहे." ती शांतपणे बोलत होती. "भूलतज्ज्ञ सरांनी परवा मला विचारलं, बाबा कसे आहेत म्हणून. मला कळेना त्यांना कुणी सांगितलं. मी रडले तेही त्यांना माहीत असेल मग."

तिचं रडणं मी तिला न विचारता घेऊन गेले होते, आणि त्यावर टाळ्या घेऊन आले होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. ते ठीक नव्हतं, हे आम्हा दोघींना कळत होतं. त्या दिवशी माझ्याजवळ त्या माफीशिवाय तिला देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

ती आजही आमच्याकडेच आहे. चांगलं काम करते, रजा हवी असली की लेखी मागते, आणि मी त्याच दिवशी उत्तर देते. आमचं बोलणं इंग्रजीतच चालतं. आता ते तिने ठरवलंय.