बोट निघायच्या दिवशी भरलेला हप्ता

माझी सासू जन्मात मोटारसायकलवर बसली नाही. सुक्या म्हावऱ्याची पाटी घेऊन दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढायची, पलीकडे आगरदांड्याला उतरायची आणि तिथून पुढे चालत बाजारात. माझा नवरा म्हणायचा, बस मागे, सोडतो. तर म्हणायची, "मना काय पडून मरायचा हाय?" आणि अशा बाईच्या नावावर म्हणे मोटारसायकलचं कर्ज! तेही कितीतरी वर्षांपूर्वीचं, पनवेलकडच्या कुठल्याशा शोरूममधलं.

पहिला फोन आला तेव्हा मासेमारीची बंदी चालू होती, आमची मासेमारीची बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. सासूने सगळीकडे माझाच नंबर दिलेला, त्यामुळे तो मलाच आला. "मॅडम, तुमच्या सासूबाईंचं जुनं खातं आमच्या कंपनीने विकत घेतलंय." कर्जही विकत घेतात हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, आम्ही बोंबील विकतो, तुम्ही कर्जं विका, पण आधी कागद दाखवा. म्हणाला, ऑफिसला या. कुठलं ऑफिस विचारलं तर फोन बंद.

मग दुसऱ्या नंबरवरून, मग तिसऱ्या. मला फोन करून भागेना तेव्हा बाजारात सासूच्या शेजारी बसणाऱ्या बाईला केला. तिने भर बाजारात विचारलं, "कोनाचा पैसा बुडवलास गो?" सासू घरी आली ती पाटी तशीच ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपली. मला अस्सा राग आला होता की तो माणूस समोर असता तर कोयत्याला हात घातला असता.

आणि एका सकाळी त्या कंपनीचे दोघे जण खरंच दारात आले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, आमची आळी त्यात कुणाला हार जात नाही. पण त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. एक जण बोटीच्या फळीवरून हात फिरवत सावकाश चक्कर मारून आला, तिच्या नंबराचा फोटो काढला आणि मला म्हणाला, "चांगली ठेवलीय. सासऱ्यांच्या मागे आईंच्याच नावावर झाली ना?"

हे त्याला कुणी सांगितलं? त्यांचा डोळा कशावर आहे ते त्या दिवशी समजलं. बोट गेली तर आमच्याकडे काही म्हणजे काही उरत नाही. नवरा म्हणाला, पोलिसांत जाऊ, पण आधी सीझन सुरू होऊ दे.

आमच्याकडे नारळी पुनवेला नारळ सोडला की दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात जाते. त्या दिवशी आमच्या दारातून कुणी नाराज होऊन उठता कामा नये. भिकारी असो, भांडखोर शेजारीण असो, येईल त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. वर्षभर जिच्याशी अबोला, तिलासुद्धा सासू त्या सकाळी खोबऱ्याची वडी नेऊन द्यायची.

नेमके त्याच सकाळी ते दोघे येऊन पायरीवर बसले. योगायोग म्हणता? मी नाही म्हणत. पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "आम्हाला घाई नाही, तुमचं चालू द्या." खाली धक्क्यावर खलाशी बर्फ भरत होते, नवरा इंजिनापाशी. सासू आत गेली आणि बर्फवाल्यासाठी डब्यात ठेवलेल्या नोटा घेऊन बाहेर आली.

मी तिचा हात धरला. "आय, देऊ नको! आपलं कर्जच न्हाय तर द्यायचं कशाला?"

"गो बाय, माझा पोर पान्यात चाललाय. दारात नाराज मानूस बसवून बोट सोडू?"

माझाही नवरा त्याच बोटीवर होता. मी हात सोडला.

त्यातल्या एकाने पैसे घेतले, मोजलेसुद्धा नाहीत. मोबाईल वर धरला आणि गोड आवाजात म्हणाला, "आई, तुमच्या कर्जाचा हप्ता भरलात ना? एकदा बोला फक्त."

"व्हय, भरला. जा रं बाबा आता."

त्याने वाकून नमस्कार केला. सासू म्हणाली, गेली पीडा. तिचा चेहरा मोकळा झाला होता, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

दोन दिवसांनी मी एकटीच श्रीवर्धनला वकिलाकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "घेतलंच नाही म्हणता, मग हप्ता कसला भरलात? वर कॅमेऱ्यासमोर कबूल केलंत!" कोर्टाच्या हुकमाशिवाय बोटीला कुणी हात लावू शकत नाही, असं ते म्हणाले, तक्रारही लिहून दिली. पण आता हे लांबणार, आणि तोवर ते लोक धक्क्यावर येऊन उभे राहणार, हेही म्हणाले. घरी येऊन मी सासूला सगळं सांगितलं. तिला त्यातलं एवढंच कळलं की बोट तिच्या तोंडामुळे गेली. माझं मेलं तोंड, म्हणत ती गालावर मारून घ्यायला लागली, मला तिचे हात धरून ठेवावे लागले.

बोट परत यायच्या दिवशी आम्ही दोघी टोपल्या घेऊन धक्क्यावर गेलो. त्यातला एक जण आधीच तिथे होता, चहाच्या टपरीला टेकून शेंगा खात. आम्हाला बघून मोबाईल वर धरून जवळ आला. खाडीच्या तोंडातून बोटी आत वळत होत्या.

"आई, ती पुढची तुमचीच ना?"

त्याला काय माहीत नव्हतं? त्याला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं. मासळीच्या लिलावाला आलेल्या बायका कान देऊन उभ्या होत्या. सासूने टोपली छातीशी धरली.

"न्हाय," ती म्हणाली. "आमची न्हाय ती."

एकाही बाईने मान वर केली नाही. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, माझा नवरा उभा होता. आईला बघून त्याने हात वर केला, तो दर खेपेला करतो, आणि तीही करते. ती पाठ फिरवून रिकामी टोपली घेऊन चालायला लागली. तिने पाहिलं नाही असं वाटून त्याने मोठ्याने हाक मारली, "आय!" तशी ती आणखी भराभर चालायला लागली.