लाइटीवाला डबा

दुकानदारानं माहा कागद हातात घेतला नाही. पेनाच्या टोकानं स्वतःकडं वळवला, वाचला, अन् तसाच पेनानं माह्याकडं सरकवला.

"हे काय? किराण्याची यादी आणली का तू?"

वाशीमचं कॉम्प्युटरचं दुकान. काचेचा दरवाजा, आत एसी. दोन कॉलेजचे पोट्टे खुर्च्यांवर बसेल होते. त्याइले तो "सर" म्हणत होता. मी उभी. तिसरी खुर्ची रिकामी होती. मले बस कोणी म्हटलं नाही, अन् मीबी बसली नाही. आपणहून बसली नाही ना, त्याचा मले आजबी राग येते.

ती किराण्याची यादी नव्हती. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहू पाहू मी ते लिहेल होतं. मालेगावले एका फॉर्म भराच्या दुकानात मी चार साल काम केलं. टायपिंग माही लय जलद. पण मशीनचा डबा आतून कसा असते, हे तिथं मले कोणी पाहू देल्लं नाही. मंग मीच शिकली. फॉर्म भराले, कागद स्कॅन कराले, प्रिंट काढाले काय लागते? प्रोसेसर साधा चालते, फक्त लय जुना नको. रॅम आठ जीबी. जुनी हार्डडिस्क नको, एसएसडी पाहिजे, कारण मशीन झटकन सुरू होणं तिच्यावर हाय. पॉवर सप्लाय चांगला, कारण मेडशीची लाइन घडीघडी जाते. त्याच्याचसाठी यूपीएस. स्क्रीन लहान चालते. गेम खेळाचं ग्राफिक कार्ड नको म्हणजे नको. काम जिथं होते तिथं पैसा लावाचा, नुसतं दिसते तिथं नाही. एवढंच होतं त्या कागदावर.

पैसा मायच्या भिशीचा. बाराही महिने लोकाइच्या वावरात निंदून तिनं भिशी भरली होती. नंबर लागला तवा ती म्हणे, "घे तुहं मशीन. आपल्या पोरीइचे फॉर्म आपल्याच घरात भरू दे." गावात फॉर्मचं एक दुकान होतं. तिथं आमच्या वस्तीच्या पोरीइले बाहेर ओट्यावर थांबवत. बाकीच्याइचं झालं का मंग आमचं. शेवटच्या तारखेले साइट अडकली का नेमक्या आमच्याच पोरी राहून जात. ते मले बंद कराचं होतं. दुसरं काही नाही.

दुकानदारानं बिलबुक काढलं. नाव विचारलं, सांगतलं. गाव विचारलं.

"मेडशी."

"मेडशीत कुठं?"

आमच्याकडं तोंडानं जात कोणी विचारत नाही. गावात कुठं राहता, एवढंच विचारतात. घर कोण्या अंगाले हाय ते कळलं का त्याइचं काम होते.

"बुद्धविहाराजवळ."

"हां," तो म्हणे. नुसतं हां. मंग फळीवरच्या एका डब्याकडं बोट केलं. काचेचा डबा, आत लाल-निळ्या लाइटी फिरून राह्यल्या. "हा घेऊन जाय. तुमच्या लोकाइले लाइटी चमकल्या का बस. जयंतीले डीजेपुढं ठेवता येईन."

पोट्टे हासले.

अन् मीबी हासली.

हे मी आजवर मायलेबी सांगतलं नाही. बाबासाहेबाची जयंती म्हणजे आमच्या घरात काय असते, ते मले ठाऊक. तरी मी हासली. दात दाखवून. काहून? भेली. हासली नाही तर हा माणूस मले मशीन देणारच नाही, रिकाम्या हातानं घरी जावं लागीन, असं वाटलं. लाचार माणूस पहिले हासते.

अन् अजून एक खरं सांगते. तो डबा मले आवडला होता. आमच्या घरात अशी वस्तू कधी आली नव्हती. वाटलं, गावातून ऑटोत घेऊन जाईन तर पाहतीन सारे. पाहू द्या म्हटलं एकदाचं. महिनाभराचं शिकेल मी तिथंच सोडून देल्लं. त्यानं मोठी स्क्रीन काढली, मी हो म्हटलं. गेमचं कार्ड काढलं, मी हो म्हटलं. बिलावर त्यानं एकच ओळ लिहिली, "कॉम्प्युटर सेट." मी सही केली.

वस्ती पाहाले आली. लहान लेकरं डब्याच्या काचेले नाक लावून बसली. मायनं बाबासाहेबाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली अन् मशीनले हात लावून पाह्यला.

तिसऱ्याच दिवशी कळलं. मशीन सुरू व्हाले पाच मिनिटं. दोन साइटी संगं उघडल्या का माउस हालत नाही. लाइन गेली का बंद, कारण यूपीएसले पैसे उरलेच नव्हते. मले वाटलं, माहंच काही चुकून राह्यलं. असंच वाटते ना आपल्याले. वस्तू खराब हाय असं पहिले मनात येतच नाही.

शेजारची पल्लवी बारावी पास झाली होती. अकोल्याच्या होस्टेलचा फॉर्म होता तिचा. होस्टेल नाही तर कॉलेज नाही, सरळ होतं. एक दाखला राह्यला म्हणून कागद थांबले होते, तो शेवटच्या दिवशी दुपारी भेटला. साइट सहाले बंद होणार होती. आमी चारले बसलो. फोटो चढवला, मशीन अडकलं. बंद करून सुरू केलं. पुन्हा पहिल्यापासून भरलं. दाखला चढवला, पुन्हा अडकलं. मोबाईलवर तो फॉर्म उघडतच नव्हता. पल्लवीले गावातल्या दुकानात पाठवलं. ती वापस आली. म्हणे, ओट्यावरच बसवलं, आत लय लोकं हायेत. साडेपाचले लाइन गेली. आली तवा सहाले दहा कमी होते.

सहा वाजले. स्क्रीनवर तो गोल फिरतच होता.

पल्लवी डब्याकडं पाहून म्हणे, "ताई, लाइटी तर चालू हायेत."

दिवाळीनंतर ती मायबापासंगं ऊस तोडाले गेली. गाडीत चढताना तिनं माह्याकडं पाह्यलं नाही.

ती गेली त्याच आठवड्यात मी पेचकस आणला अन् डबा उघडला. व्हिडिओ लावून एकएक पार्ट ओळखला. रॅम चार जीबी. प्रोसेसर लय जुना. जुन्यातलीच हार्डडिस्क. पॉवर सप्लायवर कंपनीचं नावच नाही. अन् मधात ते गेमचं कार्ड, नवं कोरं.

डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं वाशीमले गेली. दुकानदारानं ओळखलं.

"काउंटरवर नको ठेवू. खाली ठेव."

मी खाली ठेवला. म्हटलं, "शेठ, हे बदलून द्या. माह्या कामाचं नाही हे. मी पहिलेच लिहून आणलं होतं."

"तूच तर हासत हासत घेतलं," तो म्हणे. "आता काय झालं?"

खरं होतं ते. म्हणूनच जास्त लागलं. मंग काय झालं मले, मी दरवाजातच फरशीवर बसली, पेचकस काढला अन् डबा उघडला. जोरानं एकएक पार्टाचं नाव घेतलं. रॅम चार. प्रोसेसर जुना. हार्डडिस्क जुनी. गिऱ्हाईक थांबून ऐकू लागले. कोणी माह्या बाजूनं बोललं नाही, हेबी सांगते.

"ऊठ. जागा अडवू नको."

"बिल लिहून द्या. एकएक पार्टाचं, एकएक किमतीचं. तोवर मी उठत नाही."

"तुले काय समजते त्यातलं?"

"समजते. लिहा."

तास गेला. मी उठली नाही. शेवटी त्यानं लिहिलं अन् कागद फेकला. मी तिथंच वाचला. अर्ध्याहून जास्त पैसा स्क्रीन, काच अन् कार्डात गेला होता. मशीन ज्याच्यावर चालते त्याले उरलंसुरलं.

पैसे वापस भेटले नाहीत. मशीनबी बदलून भेटलं नाही. कार्ड अन् मोठी स्क्रीन मी मालेगावले पडेल भावात विकली. लहान स्क्रीन, रॅम, एसएसडी घेतली, यूपीएस जुना आणला. सारं आपल्या हातानं बसवलं. प्रोसेसर तोच जुना, पण आता मशीन चालते. पल्लवीचं साल गेलं ते गेलंच.

वस्तीत कोणाले मशीन घ्याचं असलं का मी संगं जाते. पहिले काम सांगाचं, मंग पार्ट, मंग पैसा. डबा समोर उघडाचा. दुकानदार नाही म्हणाला का दुसरं दुकान. वाशीमले नाही भेटलं तर अकोला.

पल्लवी ऊसाच्या फडावरून वापस येईन. तिचा फॉर्म काहून गेला नाही, ते मी तिले सांगणार हाय. दुकानदारानं काय केलं तेबी, अन् मी काय केलं तेबी. मंग मशीन उघडून तिच्यापुढं ठेवीन अन् पेचकस तिच्या हातात दीन. माफ करो का न करो. मले माफी नको. मले वस्तीत अजून एक अशी बाई पाहिजे, जिले कोणी बंद डबा विकू शकत नाही.