नाव तुटलं की बाहेर

मागच्या माघात हे रोज पहाटे तळ्यावर स्नानाला जात होते. शेवटचे आठ दिवस उरले असताना, दुपारी जेवून खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. बावीस वर्षांचा नेम, आणि देवाला आठ दिवस धीर धरवला नाही. वर्षभर मी देवाशी अबोला धरला. यंदा माघ लागला तेव्हा मात्र त्याला तोंडावर सांगितलं, त्यांचे आठ दिवस मी पुरे करणार, तुला काय करायचं ते कर.

मुलगा म्हणाला, "आई, तुला बीपीची गोळी चालू आहे. घरी गिझर आहे ना?" मी म्हटलं, गिझरखाली माघस्नान होत असतं तर तुझे बाबा काय वेडे होते? बाळकुमला आमच्या इमारतींच्या मागे जुन्या गावाचं तळं अजून आहे. पहिल्या दिवशी उजाडताना कोणाला न सांगता गेले आणि पायरीवरून सरळ बुडी मारली.

छातीवर कोणी बुक्की मारावी तसं झालं. श्वास घशातच अडकला, तोंड उघडलं तर पाणी आत. तेवढ्यात कोणीतरी दंड धरून मला पायरीवर ओढलं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी कोळीण होती, मासळीची टोपली धुवायला आलेली.

"गो बाय, आंघोलीला आलीस का मराला?"

"मावशी, माझा नेम आहे."

"नेम देवाचा, दम तुझा. पयले पाय भिजव, मंग हात, मंग मान. दम सोडत सोडत उतर. न डाक्टरला इचारल्याबिगर उद्या दिसलीस त मीच हाकलीन."

राग आला. मला शिकवणारी ही कोण? तरी गेले डॉक्टरांकडे. त्यांनी तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, कमरेपर्यंतच उतरायचं, दोन-तीन मिनिटांवर नाही, आणि एकटीने कधीच नाही. मग मावशीच रोज पायरीवर येऊन बसू लागली. ह्यांच्यासारखं पाण्यात उभं राहून मला एकशे आठ वेळा 'नमः शिवाय' म्हणायचं होतं. तिची अट एकच, मोठ्याने म्हणायचं. "नाव तुटला का भायेर." म्हणजे जप अडखळला की पाण्याबाहेर. सातव्या दिवसापर्यंत नाव तुटलं नाही. सुरुवातीला पाणी चावायचं, श्वास लांब झाला की सोसायचं. बाहेर आलं की आधी कोरडे कपडे, मग चहा. लगेच कढत पाणी अंगावर घ्यायचं नाही, ही ताकीदही तिचीच.

आठव्या दिवशी वारं सुटलं होतं. चौऱ्याहत्तर झाले आणि पुढचं 'नमः' आलं, 'शिवाय' आलंच नाही. दातावर दात आपटत होते. चौतीस राहिले होते. मी हलले नाही. मनात म्हटलं, आता मलाही ने, बघू तुझी हिंमत. खरं सांगते, त्या क्षणी मला नेमाचं काही पडलं नव्हतं, मला देवाला हरवायचं होतं. मावशी लुगड्यानिशी पाण्यात उतरली, माझा हात धरला आणि म्हणाली, "नाव तुटला." तिच्या हातात जोर नव्हता, झटकता आला असता. मी तिच्याबरोबर बाहेर आले.

कोरडे कपडे घालून, शाल लपेटून पायरीवर बसले आणि रडू कोसळलं. "त्यांचाही नेम राहिला मावशी, माझाही राहिला. चौतीस राहिले." ती माझी पावलं पुसता पुसता नाव घेऊ लागली, आपल्या बोलीत, भराभर, बोटांच्या पेरांवर मोजत, चौतीस होईपर्यंत. मग म्हणाली, "झाला. चल, चाय पी."

देवाशी माझं भांडण मिटलेलं नाही. त्याने ह्यांना नेलं ते मी विसरणार नाही. पण ह्यांचं उरलेलं मी उचललं आणि माझं उरलेलं तिने उचललं. आपल्या हातून राहिलेलं दुसऱ्याला करू द्यावं, हे शरण जाणं मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. तिला कोणी पाठवलं, मी विचारत नाही. तिचे उपकार मानते, आणि ज्याने पाठवलं असेल त्याचेही, नाइलाजाने.